दहा खुर्च्या आणि गुरुवारचा दीड तास: प्राचार्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या वरिष्ठ महाविद्यालयांचे सन्माननीय प्राचार्य, संस्थाचालक आणि वेळापत्रक समितीचे सदस्य यांस,

सादर नमस्कार.

मी गेली अकरा वर्षं एका जिल्ह्यातल्या तीन महाविद्यालयांत समुपदेशक म्हणून काम करते. दोन ठिकाणी आठवड्यातून एकेक दिवस, एका ठिकाणी दोन दिवस. ही मोठ्या शहरातली कॉलेजं नव्हेत. बाराशे ते तीन हजार मुलं, त्यांतली निम्म्याहून अधिक एसटीने येणारी, आणि कितीतरी घरांत पदवीपर्यंत पोचलेलं हे पहिलंच माणूस. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. गट समुपदेशनाला, म्हणजे आठ-दहा मुलांनी समुपदेशकासोबत एकत्र बसून बोलण्याला, वेळापत्रकात जागा द्या. कॉलेज सुटल्यावर नको, शनिवारी नको, 'मुलं जमतील तेव्हा घ्या' असंही नको. चालू दिवसात, आठवड्यातून दीड तास, एक खोली आणि दहा खुर्च्या.

पहिल्या कॉलेजात मला मिळालेली खोली ऑफिस आणि स्कॉलरशिपची खिडकी यांच्या मधोमध होती. दारावर ठळक अक्षरांत 'मानसिक समुपदेशन कक्ष' अशी पाटी. महाडीबीटीच्या अर्जासाठी आणि बोनाफाइडसाठी लागलेली रांग बरोबर माझ्या दारावरून जायची. आत टेबलावर रजिस्टर: नाव, वर्ग, रोल नंबर, मोबाइल आणि शेवटच्या रकान्यात 'भेटीचे कारण'. त्या वर्षी रजिस्टरमध्ये एकोणीस नावं पडली. त्यांतली पंधरा मुलं सरांनी पाठवलेली होती. हजेरी कमी म्हणून, वर्गात मोबाइल सापडला म्हणून, मुलामुलीचं 'प्रकरण' म्हणून. आपल्या पायांनी आलेली चार.

एक मुलगी त्या रजिस्टरमध्ये नाही. एफ.वाय.ची होती. दार अर्धवट उघडून तिने विचारलं, "मॅडम, इथं झेरॉक्स होते का?" मी म्हटलं, नाही गं, गेटाबाहेर आहे. तीन दिवसांनी ती पुन्हा आली आणि तेच विचारलं. मीही तेच उत्तर दिलं. ती गेल्यावर थोड्या वेळाने माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उठून व्हरांड्यात गेले तर रांग तशीच होती, ती नव्हती. पुढच्या वर्षी ती मला गटात भेटली. तेव्हा म्हणाली, "तुमच्यासमोर एकटीनं येऊन बसायचं म्हणजे काहीतरी मोठं असायला पाहिजे ना मॅडम. माझं तेवढं मोठं आहे का, तेच कळत नव्हतं."

प्राचार्यांच्या सभेत मला पाच मिनिटं मिळाली असती तर मी एवढं एकच वाक्य सांगून खाली बसले असते. केबिनचं दार ढकलण्याआधी अठरा वर्षांच्या पोराला मनाशी ठरवावं लागतं की आपलं काहीतरी बिघडलं आहे. ते ठरवण्यातच सेमिस्टर निघून जातं. गटात यायला हे ठरवावं लागत नाही. 'होस्टेलवर नवीन आलेल्यांसाठी सात गुरुवार', 'विषय राहिलेल्यांसाठी सात गुरुवार' एवढं सूचनाफलकावर लिहिलेलं असलं की पुरतं.

२५ जुलै २०२५ च्या निकालानंतर आपल्या कामाला वेग आला आहे, हे मला दिसतं. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या पीठाने, देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांना पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, ही सूचना सगळ्यांनी वाचली. तिच्यामुळे जाहिराती निघाल्या, पाट्या लागल्या, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक भिंतींवर आला. हे फार चांगलं झालं. पण त्याच सूचनांत आणखी एक आहे, ती फारशी कोणी बोलून दाखवत नाही. मुलांच्या लहान लहान तुकड्यांना ठरावीक मार्गदर्शक किंवा समुपदेशक द्यावा, विशेषतः परीक्षेच्या आणि बदलाच्या काळात, आणि ही मदत सातत्याची, अनौपचारिक आणि गोपनीय असावी. मी जे मागते आहे ते याच्या अगदी जवळचं आहे.

आकडाही सांगायला हवा, कारण तो आपल्या राज्याचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. या संख्येपुढे मला जास्त काही लिहिता येत नाही. प्रत्येक कॉलेजच्या स्टाफरूममध्ये असं एखादं नाव असतं, जे उच्चारलं की सगळे गप्प होतात.

आता तुमच्या-माझ्या रोजच्या हिशेबाकडे येते. तीन हजार मुलांचं कॉलेज आणि पूर्णवेळ एक समुपदेशक असं धरू, जे अजून बहुतेक ठिकाणी स्वप्नच आहे. दिवसाला चार भेटी नीट होतात, पाचवीला ऐकणाऱ्याचे कान थकलेले असतात. आठवड्याला वीस, पंधरा आठवड्यांच्या सत्रात तीनशे. एका मुलाला पाच-सहा भेटी लागल्या, तर सत्रात पन्नास-साठ मुलं झाली. आठ जणांचे चार गट चालवले तर आठवड्याचे सहा तास लागतात आणि सात-सात आठवड्यांच्या दोन फेऱ्यांत चौसष्ट मुलं बसतात. वर बाकीचे दिवस एकेकट्याला भेटायला मोकळे राहतात. कित्येक संस्थाचालक इथवर ऐकून मान डोलावतात आणि म्हणतात, "म्हणजे स्वस्तात होतं." मला त्यांना इथेच थांबवायचं आहे. गट स्वस्त पडतो म्हणून मागितला तर तुम्ही चाळीस मुलं एका हॉलमध्ये बसवून व्याख्यान ठेवाल आणि त्याला गट समुपदेशन म्हणाल. हे मी पाहिलेलं आहे. माइक होता, हारतुरे होते, शेवटी आभारप्रदर्शनही झालं. बोललं मात्र कोणीच नाही.

गटात काय घडतं ते सांगते. पुढचे तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत आणि ज्यांचं आहे त्यांना विचारून लिहिते आहे.

विषय राहिल्यामुळे वर्ष गेलेल्या, म्हणजे पोरांच्या भाषेत 'वायडी' लागलेल्या, आठ जणांचा गट होता. तिसरा गुरुवार. पहिले दोन गुरुवार सगळे पेपर तपासणीला नावं ठेवत होते, मीही ठेवू दिली. तिसऱ्या वेळी दाराजवळच्या खुर्चीवरचा मुलगा खाली बघत म्हणाला, "मी घरी सांगितलेलंच नाही." नापास झाल्याचं त्याने चार महिने घरी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी सॅक भरून निघायचा, तालुक्याच्या एसटी स्टँडवर उतरायचा आणि तिथेच बसायचा. एकाच फलाटावर फार वेळ बसलं की कंट्रोलर विचारतो, म्हणून दर तासाला जागा बदलायचा. कुठली गाडी किती मिनिटं उशिरा लागते हे त्याला तोंडपाठ होतं. संध्याकाळी कॉलेजच्या पोरांच्या गाडीने घरी.

खोलीत कोणी हललं नाही. माझ्या ओठांवर प्रश्न आला होता, 'तेव्हा मनात काय चालायचं?' इतकं शिकून मला एवढंच सुचलं होतं. तेवढ्यात समोरची मुलगी म्हणाली, "डबा कुठं खायचास?"

तो मुलगा रडायला लागला. आई पहाटे उठून डबा करायची. खाववत नव्हता आणि घरी परतही नेववत नव्हता. साडेदहालाच तो स्टँडमागच्या भिंतीशी उभ्याने कसाबसा संपवायचा, म्हणजे ते एक काम उरकलं असं वाटायचं. त्या मुलीला हे कसं सुचलं? तीही दीड महिना कॉलेजऐवजी एका देवळाच्या मागे जाऊन बसत होती आणि डबा गायीला घालत होती. तिने ते त्या दिवशी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. मग तिसऱ्याने सांगितलं की तो एका सायबर कॅफेत बसायचा. आठांपैकी तिघं. तिघंही एकाच कॉलेजची, एकाच तालुक्यातली, आणि प्रत्येकाला खात्री होती की असलं नीच काम जगात आपण एकट्यानेच केलं.

पुढच्या गुरुवारी गटाने त्याची तयारी करून घेतली. घरी कसं सांगायचं? एक जण वडील झाला आणि इतका हुबेहूब झाला, की बाकीचे आधी हसले आणि मग गंभीर झाले. 'आईला आधी सांग' की 'दोघांना एकदमच', यावर अर्धा तास वाद झाला. रविवारी शेतात मोटर चालू करायला जाताना त्याने वडिलांना सांगितलं. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चार महिने एकटाच बसत होतास होय रे?"

त्या मुलाला मी केबिनमध्ये दहा वेळा भेटले असते तरी डब्याचा प्रश्न मला सुचला नसता. माझा डबा मी गेली अकरा वर्षं स्टाफरूममध्ये खाते.

आपलं दुःख आपल्या एकट्याच्याच वाट्याला आलं नाही हे कळणं, ही गटाच्या उपचाराची मोठी ताकद आहे, असं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी मांडलं, त्यालाही पन्नासहून जास्त वर्षं झाली. दुसऱ्याच्या उपयोगी पडल्याने स्वतःला बळ येतं, हेही त्यांच्या मांडणीत आहे. डब्याचा प्रश्न विचारणारी ती मुलगी त्या दिवशी कोणाकडून काही घेत नव्हती, देत होती. सहा महिने 'नापास' एवढीच ओळख घेऊन वावरणाऱ्या मुलीच्या हातून कोणाचं तरी भलं झालं. हे औषध केबिनमध्ये मिळत नाही, कारण तिथे देणारी एकटी मीच असते.

या पद्धतीचा उगम तर क्षयरोग्यांमध्ये आहे. १९०५ साली बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी गरीब क्षयरोग्यांना दर आठवड्याला एकत्र बोलवायला सुरुवात केली. उद्देश होता विश्रांती, मोकळी हवा, स्वच्छता कशी पाळायची ते शिकवण्याचा. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की एकाच आजाराची माणसं एकत्र बसतात, एकमेकांची चौकशी करतात, यानेही रोगी उभारी धरतात. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा मदतीचा हात होता. व्यसनातून बाहेर आलेला माणूस व्यसनात असलेल्या माणसाशी बोलतो तेव्हा काय होतं, हे महाराष्ट्राने तिथे डोळ्यांनी पाहिलं आहे. वैयक्तिक आणि गटातल्या उपचारांची तुलना करणाऱ्या पुष्कळ अभ्यासांचं एकत्रित सारही हेच आहे की बहुतेक त्रासांत दोन्हींचा गुण साधारण सारखाच येतो. तेव्हा गट म्हणजे दुय्यम दर्जाची सोय, हा समज कृपा करून काढून टाका.

खरं तर पोरांना हे समजावून सांगावंच लागत नाही. गटाचे नियम सांगत होते तेव्हा एक मुलगी पटकन म्हणाली, "मॅडम, हे आमच्या आईच्या बचत गटासारखं आहे." दर आठवड्याला ठरलेली वेळ, गोल बसायचं, कोणाची अडचण आहे विचारायचं, आतलं बाहेर न्यायचं नाही. मला तिच्याहून सोपी व्याख्या अजून सापडलेली नाही.

आमच्या गटाचा एक नियम मात्र बचत गटात नसतो. पहिल्या दिवशी फक्त नाव सांगायचं, आडनाव नाही. आपल्याकडे आडनाव कळलं की पुढचं सगळं कळलं असं माणसं धरून चालतात, आणि मग कोण किती मोकळं बोलणार ते तिथेच ठरून जातं. एका गटात पाचव्या आठवड्यात एका मुलाने स्वतःहून सांगितलं की स्कॉलरशिपची यादी फलकावर लागली त्या दिवसापासून दोन मित्र त्याच्याशी वेगळे वागतात. हे तो पहिल्या दिवशी बोलला नसता. आणि ज्यांच्यासमोर बोलला, त्यांतल्या दोघांनी अशा याद्या वाचून कधीतरी काहीतरी शेरा मारलेला होता. ते त्यांनी कबूल केलं. कुठल्याही समितीच्या अहवालाने झालं नसतं ते त्या दीड तासात झालं.

भाषेचंही असंच. आम्हाला छापील प्रश्नावल्या येतात, बहुतेक इंग्रजीत, नाहीतर इंग्रजीवरून शब्दाला शब्द लावलेल्या मराठीत. 'गेल्या दोन आठवड्यांत आपणास कितीदा निराश वाटले?' पोरं मुकाट्याने गोल काळे करतात. गटात तीच पोरं म्हणतात, "जीव कशात लागत नाही." "छातीत नुसतं धडधड." "आई फोनवर 'जेवलास का' म्हणाली तरी चिडचिड होते." एकाने शब्द काढला की दुसऱ्याला आपल्या दुखण्याचं नाव सापडतं. मराठीत शिकून इंग्रजीतलं विज्ञान समोर आलेल्या मुलांचा मी दरवर्षी वेगळा गट घेते. ती वर्गात 'समजलं का' ला 'हो सर' म्हणतात. गटात म्हणतात, "तीन महिने झाले, मी फक्त फळ्यावरचं उतरवतो."

आणि काही जण काहीच बोलत नाहीत, त्यांच्याबद्दलही सांगते. एक मुलगी सात आठवडे एक अक्षर बोलली नाही, पण एकही गुरुवार चुकवला नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकेक वाक्य बोलायचं होतं. ती म्हणाली, "गुरुवारी रात्री मला झोप लागायची."

तुमची सगळ्यात मोठी शंका मला ठाऊक आहे. बातमी बाहेर फुटली तर? खरं सांगते, एकदा फुटली आहे. एका मुलीने घरच्या भांडणाबद्दल सांगितलेलं गटातल्या मुलाने होस्टेलवर बोलून टाकलं. चार दिवसांनी ती गटात आली आणि सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "मी ते इथं बोलले होते." मला वाटलं, गट संपला. पुढचे दोन्ही गुरुवार आम्ही फक्त त्यावरच बोललो. तो मुलगा माफी मागून गट सोडायला निघाला होता. तिनेच सांगितलं, जाऊ नको, पण पुन्हा मी तुझ्यासमोर घरचं बोलणार नाही. ती खरोखरच बोलली नाही, आणि ते नुकसान मी माझ्या खात्यावर धरते. तेव्हापासून पहिल्या दिवशी प्रत्येक जण गुप्ततेचं वचन स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत लिहितो. आणि मी स्पष्ट सांगते की माझ्यावर माझ्या व्यवसायाची बंधनं आहेत, तुमच्यावर तुमच्या शब्दाचं आहे, तेव्हा किती उघडं व्हायचं ते प्रत्येकाने आपलं आपण ठरवायचं. जोखीम शून्य होत नाही. पण वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्याचं काय काय फिरतं ते आठवा. त्यापेक्षा ही खोली शंभर पटीने सुरक्षित आहे.

गट सगळ्यांसाठी नाही, हेही याच पत्रात सांगायला हवं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार ज्याच्या मनात आत्ता जोरात आहे, ज्याला भास होतात, ज्याच्यावर नुकताच अत्याचार झाला आहे, त्याला आधी एकट्याने वेळ हवा, डॉक्टर हवा, औषध लागलं तर औषध हवं. म्हणून गटात घेण्यापूर्वी मी प्रत्येकाला वीस मिनिटं स्वतंत्र भेटते. त्या भेटीतच काही जणांना मी त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात घेऊन गेले आहे. ही वीस मिनिटं गाळून 'सगळा वर्गच पाठवतो' असं म्हणू नका.

तर मग तुम्ही काय करायचं?

पहिली गोष्ट वेळेची, आणि ती मी सगळ्यात जास्त ताणून धरणार आहे. 'कॉलेज सुटल्यावर घ्या' असं मला दर वर्षी सांगितलं जातं. कॉलेज सुटल्यावर गाडी असते. ती चुकली की पुढची दोन तासांनी, आणि घरी पोचेपर्यंत अंधार. मुलीला उशीर झाला की घरी पहिला प्रश्न 'कुठे होतीस' आणि त्याचं उत्तर 'समुपदेशनाला' असं देता येत नाही. म्हणजे सुटल्यानंतरचा गट हा गावातल्या, दुचाकी असलेल्या मुलांचा गट होतो. राष्ट्रीय शिक्षण धोरणामुळे वेळापत्रकात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे तास यांची कशी खिचडी झाली आहे ते मी रोज पाहते. तरीही आठवड्यात एक दीड तास असा काढा, की ज्यात कोणत्याच शाखेचा तास नाही आणि ज्यानंतर गाडी मिळते. खेळाला आणि एनएसएसला आपण असा वेळ काढलाच आहे.

दुसरी गोष्ट फोटोंची. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण लिहिते. एका कॉलेजात चालू गटाचं दार उघडून कर्मचारी आत आला आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजांची तपासणी करून दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, फाइलसाठी जिओटॅग फोटो काढून गेला. सातपैकी तीन मुलं पुढच्या आठवड्यात आली नाहीत. त्याला फोटो काढायला सांगणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पुरावा हवा होता इतकंच. पुरावा म्हणून माझ्या सहीचं पत्र घ्या, किती गट झाले, किती मुलं बसली तो आकडा घ्या. चेहरे, नावं, सह्यांचा कागद मागू नका. तपासणीला येणाऱ्या समितीलाही तुम्ही हे ठामपणे सांगू शकता. कोर्टाच्या सूचनेत 'गोपनीय' हा शब्द आहे.

खोली साधी चालेल. काचेचं दार नको, ऑफिसशेजारी नको, प्रयोगशाळेमागची अडगळीची असली तरी आम्ही झाडून घेऊ. पाटीही नको.

गट कोण चालवणार, याचा मात्र नीट विचार करा. मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांवर हे काम टाकण्याची पद्धत आहे, आणि त्यांतले कित्येक मनापासून करतात. पण ज्याच्या हातात इंटर्नलचे गुण आहेत त्याच्यासमोर कुठली मुलगी म्हणेल की मला तुमच्या तासाला बसवत नाही? मेंटॉर-मेंटीच्या, म्हणजे एकेका प्राध्यापकाकडे काही विद्यार्थी सोपवण्याच्या योजनेच्या, फाइलीही याच कारणाने कोऱ्या राहतात. प्रशिक्षित, बाहेरचा माणूस हवा, आणि गटात शक्यतो दोघं हवीत, कारण एक जण बोलणाऱ्याकडे बघतो तेव्हा दुसऱ्याने न बोलणाऱ्याकडे बघायचं असतं. राज्यात समाजकार्याची आणि मानसशास्त्राची पदव्युत्तर महाविद्यालयं आहेत, तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली दुसऱ्या खुर्चीवर बसवता येतं. त्यांचंही शिक्षण होतं. आणि समुपदेशकाला तासिका तत्त्वावर, सत्र संपल्यावर चार महिन्यांनी मानधन देण्याची प्रथा बंद करा. सात आठवड्यांच्या मधोमध समुपदेशक दुसरी नोकरी लागली म्हणून निघून जातो तेव्हा मुलं त्याचा एकच अर्थ लावतात: आपण बोललो, आणि माणूस गेला.

आणखी एक, शिक्षा म्हणून कोणालाही पाठवू नका. कमी हजेरीवाल्यांची यादी माझ्याकडे देऊ नका. ज्या दिवशी गट हा 'डिफॉल्टरांचा वर्ग' होतो, त्या दिवसापासून झेरॉक्स विचारत येणारी मुलगी दारापर्यंतही येत नाही.

ती मुलगी आता बी.एड. करते आहे. मागच्या दिवाळीत भेटायला आली होती. तिचा गट अजून एकमेकांच्या संपर्कात आहे म्हणाली, आठपैकी सहा जण. तिच्या आजीच्या दिवसकार्याला त्यांतले चौघं गावी गेले होते, पावणेदोन तासांचा प्रवास करून.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तुमच्याकडे वेळापत्रक समिती बसेल. प्रत्येक विभाग आपापले तास मागेल, प्रॅक्टिकलच्या बॅचेस कशा बसवायच्या यावर रात्रीपर्यंत कागद खोडले जातील. त्या कागदावर गुरुवारच्या रकान्यात, साडेबारा ते दोन, ही जागा मोकळी ठेवा. आमच्याकडची गाडी सव्वादोनला सुटते. तुमच्या गावची वेळ स्टँडवर विचारून घ्या आणि त्याप्रमाणे पुढे-मागे करा.

आपली नम्र,
तीन महाविद्यालयांतली एक समुपदेशक